भावासाठी निवासी केंद्र शोधते आहे: रात्री दोन वाजता तिथे कोण जागं असतं?

मोगरा_वाई (धागाकर्ती)

लिहू की नको करत बरेच दिवस गेले. आज आई झोपल्यावर बसले आहे.

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. पुढची वीस वर्षं आईबाबांनी त्याला वाईच्या घरात सांभाळलं. बाबा मागच्या पावसाळ्यात गेले. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. मी पुण्यात नोकरीला. शनिवार-रविवार वाई, सोमवारी पहाटेची एसटी. हे फार दिवस चालणार नाही हे आम्हा तिघांनाही कळतं. भावाला तर सगळ्यांत आधी कळलं. "मला कुठे ठेवायचं ते ठरवताना मला विचार," एवढंच तो म्हणाला.

चार महिन्यांत पुणे, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांत सात केंद्रं पाहिली. सगळी लहान, दहा ते तीस माणसांची, बहुतेक गावाबाहेरच्या बंगल्यांत. सगळीकडे पहिल्यांदा दाखवतात तो सीसीटीव्ही. "ताई, घरबसल्या मोबाईलवर बघा." मग गच्चीची जाळी, मग फाटक. एका ठिकाणी सगळ्यांच्या अंगात एकसारखे राखाडी टी-शर्ट आणि सगळ्यांची डोकी तासलेली. उवा होतात म्हणे. दुसऱ्या ठिकाणी मी स्वच्छतागृह वापरू का म्हणून विचारलं. ऑफिसशेजारचं दाखवलं होतं, मी चुकून निवाशांच्या बाजूला गेले. दाराला आतून कडी नाही, साबण नाही, बायकांच्या बाजूला कचऱ्याचा डबासुद्धा नाही. पाळीच्या दिवसांत त्या काय करत असतील हा विचार परतीच्या वाटेवर डोक्यातून गेला नाही.

नोंदणीचा कागद मागितला तर पाच ठिकाणी ट्रस्टचं धर्मादाय आयुक्तांकडचं प्रमाणपत्र पुढे केलं. ते पुरेसं असतं का? आणि सातही ठिकाणी मी एक प्रश्न विचारला: रात्री दोन वाजता इथे कोण जागं असतं? माझ्या भावाचा सगळ्यात वाईट वेळ तोच. एका ठिकाणी मालक म्हणाले, "रात्री सगळे झोपतात, गोळ्याच तशा असतात." मी तिथून उठले.

इथे अनुभवी लोक आहेत. काय बघू, कोणाला काय विचारू?

आबा_मिरज

मोगराताई, मी स्वतः असं केंद्र चालवतो. १४ शुभार्थी (आजार असलेल्यांना आम्ही असंच म्हणतो) आहेत, त्यात पाच बायका. तुमचा रात्रीचा प्रश्न बरोबर आहे. त्याला जोडून पुढचा विचारा: जो जागा असतो तो दिवसाही कामाला होता का? आमच्या धंद्यात माणूस मिळत नाही ही खरी गोष्ट आहे. पगार कमी, काम अवघड, गावात लग्न जमायला अडचण. म्हणून दिवसाचाच मामा, म्हणजे मदतनीस, रात्रीही 'थांबतो'. तो जागा राहूच शकत नाही. आमच्याकडे एक मावशी आणि एक मामा फक्त रात्रीचे आहेत. बायकांच्या बाजूला रात्री बाईच. यात तडजोड केली तर केंद्र बंद करेन.

आता औषधांबद्दल लिहितो, कारण तिथेच आमच्या हातून चूक झाली आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एकाच नावाचे दोघे होते. नव्या मुलाने एकाच्या गोळ्या दुसऱ्याला दिल्या. तो दिवसभर गुंगीत राहिला, दोनदा पडला, हनुवटीला टाके घालावे लागले. त्याच्या बहिणीला मी त्याच संध्याकाळी फोन करून खरं काय ते सांगितलं. ती रडली, रागावली, पण भावाला नेलं नाही. तेव्हापासून प्रत्येकाच्या डब्यावर फोटो आहे. गोळ्या भरतो एक, तपासतो दुसरा, आणि देणारा नोंदवहीत त्याच वेळी सही करतो.

तुम्ही गेलात की ती वही बघायला मागा. इतरांची नावं झाकून दाखवू देत. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच हाताने, ओळीने केलेल्या दिसल्या तर महिन्याची वही एका बैठकीत भरली आहे असं समजा. वहीत कधीतरी 'नाकारली', 'उलटी झाली', 'झोपलेले होते, नऊला दिली' असं दिसलं तर त्या वहीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

सिस्टर_४२

मी मनोरुग्णालयात अकरा वर्षं काम केलंय, आता एका लहान केंद्रात आठवड्यातून तीन दिवस जाते. आबांनी लिहिलंय त्यात भर.

मोगरा, तुझा भाऊ क्लोझापिनवर (स्किझोफ्रेनियाचं एक औषध) आहे का? असेल तर पांढऱ्या पेशींची तपासणी कोण करून आणतं ते आधी विचार. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला, नंतरही ठरावीक अंतराने. घसा दुखून ताप आला तर 'हवा बदललीय' म्हणून क्रोसिन देऊन चालत नाही, त्याच दिवशी रक्त तपासावं लागतं. कोणी लिथियमवर (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) असेल तर रक्तातली पातळी, किडनी, थायरॉईड. एप्रिल-मे महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडलं की लिथियम अंगात साठतं. हात थरथरायला लागतात, बोलणं जड होतं. आणि अंगदुखीला आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनाने दिली तर अजून वाढतं. हे केंद्रातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे, फक्त डॉक्टरांना नाही. डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा येतात.

अजून एक, जे फार कमी ठिकाणी माहीत असतं. विडी-सिगारेट ओढणारा माणूस दाखल झाला आणि केंद्राने ती एकदम बंद केली, तर क्लोझापिन आणि ओलान्झापिन (तसंच दुसरं औषध) यांची रक्तातली मात्रा वाढते. तेवढीच गोळी जास्त चढते. सुटली तर चांगलंच, पण डॉक्टरांना कळवून डोस बघायला लागतो. मी असा एक पेशंट बघितला, आठवडाभर लाळ गळत, पेंगत होता आणि सगळे म्हणत होते नवीन जागेला रुळतोय.

वजन दर महिन्याला आणि साखर ठरावीक काळाने. आपल्याकडे ही माणसं मनाच्या आजारापेक्षा मधुमेह आणि हृदयाने जातात, आणि केंद्रात सकाळ-संध्याकाळ गोड चहा, बिस्किटं, भात.

कागदपत्री

मनोविकार क्षेत्रात समाजकार्यकर्ती आहे. नोंदणीबद्दल सांगते.

धर्मादाय आयुक्तांची नोंदणी ही ट्रस्टची असते. माणसं निवासी ठेवण्यासाठी ती पुरत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार, मानसिक आजार असलेल्या माणसांना उपचारासाठी, विश्रांतीसाठी किंवा पुनर्वसनासाठी जिथे ठेवलं जातं ती प्रत्येक जागा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेली असली पाहिजे. मग ती बंगल्यात असो की मठात. फक्त नातेवाईक किंवा मित्रांसोबत राहतात ते घर यातून वगळलेलं आहे. "आम्ही दवाखाना नाही, आश्रम आहोत," हे उत्तर कायद्यात बसत नाही. प्रमाणपत्रावरची मुदत बघा, आणि शेवटचं ऑडिट कधी झालं ते विचारा. दर तीन वर्षांनी व्हायला हवं.

तुम्ही पाहिलेल्या तासलेल्या डोक्यांबद्दल: सक्तीने डोकं भादरायला याच कायद्याने बंदी आहे. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. खासगीपणा, स्वच्छता, पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू, हे सगळं कलम २० मध्ये शब्दांत लिहिलंय. काम करून घेतलं तर मोबदला द्यावा लागतो. स्वयंपाक, झाडलोट, शेती ही 'थेरपी' म्हणून फुकट करून घेता येत नाही. साखळीने बांधायला पूर्ण बंदी. एकट्याला कोंडून ठेवायलाही. धरून किंवा बांधून ठेवायची वेळ आलीच तर तात्काळ धोका टाळायचा दुसरा मार्ग नाही तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरत्या वेळासाठी, कारण लिहून, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्या माणसाने आपल्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांत कळवून. शिक्षा म्हणून नाही. माणसं कमी आहेत म्हणूनही नाही.

त्या प्रतिनिधीची नेमणूक तुमचा भाऊ आजच करू शकतो. साध्या कागदावर लिहून सही केली की झालं, आणि मन बदललं तर तो बदलूही शकतो. तुम्ही त्याची बहीण आहात म्हणून आपोआप तुमचं नाव धरू नका, त्याला विचारा.

गोदाकाठ

सगळं वाचलं. चांगलं आहे. पण मी बाप आहे आणि माझा प्रश्न वेगळा आहे. माझा मुलगा दोनदा निघून गेला. पहिल्यांदा रात्रभर, दुसऱ्यांदा नऊ दिवस. मनमाड स्टेशनवर सापडला, पायात चप्पल नव्हती, तळवे सोलले होते. ते नऊ दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. त्यानंतर मी असं केंद्र निवडलं जिथे रात्री खोलीला बाहेरून कडी असते. मला त्यात चूक वाटत नाही. हक्क जिवंत माणसाला असतात.

उंबरठा

मी त्या कडीच्या आतल्या बाजूला तीन वर्षं होतो. नाव लिहीत नाही, कारण आता नोकरी आहे.

काका, तुमचे नऊ दिवस मला समजतात. माझ्या आईनेही तसे दिवस काढलेत. पण कडीच्या आत काय असतं ते सांगतो. संध्याकाळी सहाला जेवण, साडेसहाला कडी, सकाळी सहाला उघडायची. एका खोलीत सहा जण, कोपऱ्यात बादली. एका रात्री शेजारच्या कॉटवरच्या माणसाला आकडी आली. आम्ही पाच जण दार वाजवत होतो. खाली टीव्ही चालू होता. दार उघडायला किती वेळ गेला मला माहीत नाही, घड्याळ आमच्याकडून काढून घेतलेलं असायचं. तो वाचला. पण त्या रात्रीनंतर मी आवाजांना घाबरायचो त्यापेक्षा जास्त अंधार पडायला घाबरायला लागलो.

फोन रविवारी, स्पीकरवर, शेजारी केंद्राचे सर उभे. "कसा आहेस?" "बरा आहे." तीन वर्षं मी बरा होतो. तक्रारपेटी होती, भिंतीवर, लाल. तिची किल्ली सरांच्या खिशात. भेटायला कोणी येणार असेल तर तासभर आधी आंघोळ आणि निळ्या चादरी. निळ्या चादरी आल्या की आम्हाला कळायचं आज कोणाचं तरी कोणी येतंय.

नंतर माझ्या सख्ख्या मामाने मला दुसरीकडे हलवलं. तिथे नऊ जण होतो. पहिल्या दिवशी मला कपाटाची किल्ली दिली, माझी. मी ती रात्री मुठीत धरून झोपलो. तिथे झोप आली नाही तर मावशीजवळ जाऊन बसता यायचं. ती वाती वळत बसलेली असायची. मलाही शिकवल्या. काही बोलायची नाही फारसं. मला आठवत नाही की तिथून कधी पळून जावंसं वाटलं.

मोगराताई, तुम्ही मालकांना प्रश्न विचारताय, ते विचाराच. पण तिथे राहणाऱ्या कोणाशी तरी एकट्याने बोलता येतं का ते बघा, फाटकाबाहेर चहाला वगैरे. आणि विचारा, इथून बरं होऊन घरी किंवा स्वतःच्या खोलीवर कोण गेलं? कोणाचंच नाव सांगता आलं नाही तर भावाला तिथे ठेवू नका.

आबा_मिरज

उंबरठा, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. वाचून थोडा वेळ बसून राहिलो.

गोदाकाठ, आमच्याकडेही निघून जाणारे आहेत. फाटकाला रात्री कुलूप असतं, त्याच्या दोन किल्ल्या, एक रात्रीच्या माणसाच्या गळ्यात. खोलीला बाहेरून कडी नाही, ती काढूनच टाकली आहे. याचं कारण माझ्या पिढीच्या लोकांना आठवत असेल. ६ ऑगस्ट २००१, तामिळनाडूतलं एरवाडी. दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात पहाटे आग लागली आणि २८ माणसं गेली, कारण ती साखळ्यांनी बांधलेली होती. हाका ऐकू येत होत्या आणि साखळ्या सोडवता येत नव्हत्या. आमच्या इथे शॉर्टसर्किट कधी होईल याची हमी मी देऊ शकत नाही. दार आतून उघडेल याची देऊ शकतो. महिन्यातून एकदा आम्ही दिवे घालवून सगळ्यांना अंगणात आणतो, सर्वात हळू चालणाऱ्या आजींना कोण धरणार हेही ठरलेलं आहे.

निघून जाणारा माणूस बहुतेक वेळा कुठेतरी जायला निघालेला असतो. आमच्याकडचे एक जण दर गुरुवारी निघायचे. त्यांना नरसोबाच्या वाडीला जायचं होतं, घरी असताना दर गुरुवारी जायचे. आता मामा त्यांना घेऊन जातो, एसटीने, दत्ताचं दर्शन घेऊन दोघं परत येतात. दोन वर्षांत ते एकटे गेलेले नाहीत. तुमचा मुलगा मनमाडला का गेला असेल? तिथे कोणी ओळखीचं होतं का? रागावू नका, केंद्रातल्या कोणी हे विचारलं का ते मला जाणून घ्यायचं आहे. प्रत्येकाच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी असतेच, आणि कोणी दिसेनासं झालं तर पहिल्या अर्ध्या तासात कोणी काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलं आहे.

गोदाकाठ

त्याची मावशी मनमाडला राहायची. ती २०१९ ला गेली. आम्ही त्याला अंत्यदर्शनाला नेलं नव्हतं.

कडीबद्दल केंद्राशी उद्या बोलतो.

साकव

मी सहसा लिहीत नाही. माझा मोठा भाऊ अशा एका केंद्रात असताना वारला. केंद्राचं नाव लिहिणार नाही, उपयोग नाही.

दादा पोट दुखतंय म्हणत होता. चार-पाच दिवस. त्याला पूर्वी 'पोटात यंत्र बसवलंय' असा भ्रम होता, म्हणून सगळ्यांना वाटलं तेच परत सुरू झालं. नोंदवहीत लिहिलेलं आहे: 'भ्रम वाढले, चिडचिड.' रात्रीची गोळी वाढवली. सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या तेव्हा सरकारी रुग्णालयात नेलं. आतडं पूर्ण अडकलेलं होतं. सर्जन म्हणाले, या औषधांनी, विशेषतः क्लोझापिनने, बद्धकोष्ठता इतकी होऊ शकते, रोज विचारायला हवं होतं. रोज शौचाला झाली का, एवढाच प्रश्न.

माणूस मनोरुग्ण आहे म्हणून त्याचं पोट दुखू शकत नाही असं नसतं ना? मोगराताई, तुम्ही विचारा, अंगाचं दुखणं सांगितलं तर इथे कोण तपासतं, किती वेळात.

सिस्टर_४२

साकव, तुमच्या दादाबद्दल फार वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे आणि हे मी मोठ्या रुग्णालयातही पाहिलंय. आमच्या केंद्रात सकाळच्या चहाबरोबर तीन गोष्टी लिहितो: झोप, शौच, जेवण किती गेलं. वेळ दोन मिनिटं लागतो. जेवताना कोणीतरी सोबत बसलेलं असतं, कारण या गोळ्यांनी गिळायला त्रास होतो, घाईने खाल्लं की घास अडकतो. आणि ताप येऊन अंग लाकडासारखं कडक झालं तर वाट बघायची नाही, गाडी काढायची. तो औषधाचाच दुर्मीळ पण जीवघेणा परिणाम असू शकतो.

कागदपत्री

साकव, दादाची उपचारांची कागदपत्रं मागून घेतली नसतील तर घ्या. सेवेतल्या उणिवांची तक्रार केंद्रप्रमुखाकडे, तिथे समाधान झालं नाही तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि राज्य प्राधिकरणाकडे करता येते. आता त्रास होत असेल तर नका करू, पण वाट बंद झाली आहे असं समजू नका. आणि तुम्हाला कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस हा सरकारी हेल्पलाइन नंबर, १४४१६, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.

मोगरा_वाई

सहा आठवड्यांनी लिहिते आहे.

या धाग्याची मी छापील प्रत काढली, भावाने ती पेन घेऊन वाचली. उंबरठा, तुमच्या किल्लीखाली त्याने दोन रेघा मारल्या. साकव, तुमचं वाचून तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मला पण होतं, मी सांगत नाही." डॉक्टरांना सांगितलं. औषध सुरू केलंय.

आणखी तीन केंद्रं पाहिली, यावेळी दोघं मिळून. एका ठिकाणी मी नोंदवही मागितली तर "गोपनीय आहे" म्हणाले, नावं झाकूनही दाखवेनात. दुसरीकडे सगळं छान होतं, पण भावाशी कोणी बोललंच नाही, त्याच्यासमोर मला विचारत होते, "हे आक्रमक होतात का?" तिसरं सातारा रस्त्यालगत, अकरा जणांचं, इमारत जुनी, पत्र्यावर पाऊस वाजतो. प्रमाणपत्र दारातच लावलेलं, मुदत चालू, खाली पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन. वहीत खाडाखोड, वेगवेगळ्या सह्या, दोन ठिकाणी 'गोळी जिभेखाली ठेवली होती, परत दिली'. बाथरूमला आतून कडी आहे, आणि गरज पडली तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडते. पंख्याचे दांडे वजन आलं की खाली येणारे आहेत. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी ते आपणहून दाखवलं, आणि का बसवले तेही सांगितलं: आठ वर्षांपूर्वी एक मुलगी थोडक्यात वाचली. लपवलं नाही.

उणिवाही आहेत. मानसशास्त्रज्ञ आठवड्यातून एकच दिवस येतात. दिवसभर करायला फार काही नाही, बागकाम आणि टीव्ही. त्यावर बाईंशी बोलते आहे, भावाला संगणक दुरुस्ती येते.

तो आधी तीन रात्री राहून आला. दुसऱ्या रात्री मला राहवेना. सव्वादोनला केंद्राच्या नंबरवर फोन केला. तिसऱ्या रिंगला मावशींनी उचलला. "तुमचा भाऊ ना? जागाच आहे, इथे बसलाय, दूध गरम केलंय. देऊ का?" भाऊ फोनवर आला आणि मलाच रागावला, सकाळी ऑफिस आहे, झोप म्हणाला.

पुढच्या सोमवारपासून तो तिथे राहायला जातो आहे. आईने त्याचं ब्लँकेट धुऊन वाळत घातलंय. प्रतिनिधीचा कागद त्याने काल रात्री स्वतः लिहिला, माझं नाव घातलं, सही केली. सहीखाली एक ओळ जादा आहे: केस कापायचे असतील तर आधी मला विचारावे.